तातांच्या सुतकातली चिमिचांगा

चिमिचांगा उत्तम झाल्या. सोनेरी, कुरकुरीत, आणि जिथे घडी घातली तिथून एकही उघडली नाही. काळे कपडे घातलेल्या पुष्कळ लोकांनी त्या मान खाली घालून खाल्ल्या, आणि शेवटच्या घासानंतर दोन्या एल्विरांनी रुमालाने ओठ टिपून "हं" असं म्हटलं. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते घडलंच नाही असं समजून दिवस काढतोय. घडलं असं धरलं, की त्याच्या मागोमाग बाकीचंही घडलं असं धरावं लागतं, आणि तेवढी माझी छाती नाही.

मी मुळात भित्रा आहे. माझी सगळ्यात जुनी भीती तेलाची. अंडं तळायचं असलं तर मी ते दाराशी उभं राहून तव्याकडे फेकतो. निम्मी अंडी पोचतात. दुसरी भीती दोन्या एल्विरांची. ही नवी आहे, पण तेलापेक्षा वेगाने वाढली.

दोन्या म्हणजे बाईसाहेब, आणि दोन्या एल्विरा म्हणजे मारिसेलाची आई. अमेरिकेच्या दक्षिण सीमेजवळच्या आमच्या टूसॉनच्या दक्षिण भागात त्यांची खानावळ आहे, आणि खानावळीतली तेलाची टाकी एवढी मोठी आहे की तिच्याजवळून जाताना मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणतो. मारिसेलावर माझं प्रेम आहे, तिचं माझ्यावर आहे, आणि हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण आमच्यात मुलगा स्वतः मागणी घालत नाही. घरातलं वडीलधारं माणूस चांगली टोपी चढवून मुलीच्या माणसांपुढे बसतं, उन्हाच्या गप्पा मारतं, गुडघ्यांची चौकशी करतं, आणि मग घसा खाकरून विषय काढतं. माझ्या घरात वडीलधारं माणूस एकच, माझे आजोबा, ताता फिदेन्सिओ. ते पाठीशी नसले तर मी म्हणजे नुसताच एक इसम.

तर एके दिवशी खानावळीत दोन्या एल्विरा माझ्यासमोर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांना गप्प बसण्याची कला अवगत आहे. माणूस त्या शांततेत आपोआप काहीतरी कबूल करतो. माझ्या ताटलीत चिमिचांगा होती. मी म्हटलं, "आम्ही ह्या घरीच करतो."

मारिसेलाने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. पण ती उशिरा पोचली.

आमच्या गावात चिमिचांगा घरी कुणी करत नाही. कोपरापर्यंत येणारी पातळ पोळी, तिच्यात उन्हात वाळवून मग ठेचून परतलेलं बीफ, तिचं चौकोनी गाठोडं, आणि ते गाठोडं उकळत्या तेलात सोडायचं. घरी करतो म्हणणं म्हणजे आम्ही घरीच विमान बनवतो म्हणण्यासारखं.

"घरी?" दोन्या एल्विरा म्हणाल्या.

"हो."

"मांस कुठलं?"

"छपरावर वाळवतो."

"आणि तेल?"

"असतं."

त्यांनी माझी ताटली बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "रविवारी दुपारी येते. तातांना सांग, चांगली टोपी कपाटातून बाहेर काढून ठेवा. घडी तेलात उघडली नाही, तर मी तिथेच बसून त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐकून घेईन. उघडली, तर जेवून निघेन. परत येणार नाही."

बाहेर आल्यावर मारिसेला म्हणाली, "तू अंडं तरी तळू शकतोस का रे?"

"निम्मी," मी म्हणालो.

आता ताता. ताता नेमके त्याच आठवड्यात सीमेपलीकडे मेक्सिकोत, नोगालेसला दात बसवायला गेले होते. इकडे दातांच्या डॉक्टरचं बिल ऐकलं तरी माणूस आजारी पडतो, म्हणून सगळं गाव गुपचूप तिकडेच जातं. पण तातांची गोष्ट वेगळी होती. आपले सगळे दात मूळचे आहेत असं त्यांनी गल्लीत वर्षानुवर्षं सांगितलेलं. निघताना माझी कॉलर धरून म्हणाले, "नाबोर, दातांचं कुणाला कळता कामा नये. मी कुठे गेलोय विचारलं तर तोंड उघडायचं नाही. शपथ घे." मी घेतली. तातांची भीती ही माझी तिसरी भीती, पण तिचा मान पहिला. रविवारच्या बसने परत येतो म्हणाले. मोबाइल झिजू नये म्हणून ते तो कपाटात ठेवतात, त्यामुळे तो कपाटातच राहिला.

मी मांस आणलं. पातळ चादरीसारखे काप केले, लिंबू, लसूण, मीठ चोळलं आणि छपरावर जाळीचा पिंजरा बांधून त्यात वाळवण घातलं. शेजारचा तिओ किको शिडी धरायला आला. तिओ म्हणजे काका, पण तो कुणाचाच काका नाही. तातांचा जुना दोस्त, आणि सल्ला हा त्याचा पूर्णवेळ धंदा.

"वाळवणाकडे सारखं बघू नकोस," तो खालून म्हणाला. "लाजतं. मग वाळत नाही."

"आणि न बघता माश्या बसल्या तर?"

"मग एका डोळ्याने बघ."

मी दिवसभर शिडीवर चढून एका डोळ्याने मांस बघत होतो. गल्लीतल्या कुणालातरी हे दृश्य खटकलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी खात्याचा माणूस आला. कुठल्या खात्याचा ते त्याने नीट सांगितलं, पण घाबरल्यामुळे मला ऐकू आलं नाही.

"छपरावर काय आहे?"

"बीफ."

त्याने हातातल्या यंत्रावर बराच वेळ बोट फिरवलं. त्यातल्या यादीत अँटेना होती, पाण्याची टाकी होती, सौर पट्ट्या होत्या. बीफ नव्हतं. "यातलं काहीतरी निवडावंच लागतं," तो कळवळून म्हणाला, "नाहीतर हे पुढे जात नाही. मी तुम्हाला 'प्राणी' मध्ये टाकतो."

"पण तो मेलाय."

"ते विचारत नाही यात."

बोट पुढे सरकलं आणि त्याचा चेहरा पडला. छपरावर प्राणी ठेवायचा तर निम्म्या जागेवर सावली हवी आणि प्यायला स्वच्छ पाणी हवं. नसेल तर प्राणी जप्त. मी म्हटलं, साहेब, त्याला सावली केली तर तो वाळणार नाही. तो म्हणाला, "प्राणी वाळावा अशी तुमची इच्छा आहे, हे मी ऐकलं नाही असं समजतो." आणि गेला.

वाळवण जप्त झालं तर रविवारी काय तळणार? मी निम्म्या पिंजऱ्यावर ताडपत्री बांधली आणि मांसाच्या चार तुकड्यांपुढे पाण्याची वाटी ठेवली. किको खालून बघत होता. "नाव काय ठेवलंस?" त्याने विचारलं.

उन्हातली बाजू सुरेख वाळली, खडखडीत. सावलीतल्या बाजूने मात्र वास धरला. आधी मला वाटलं माझाच येतोय, घाबरल्यावर येतो तसा. मग पहिलं गिधाड आलं.

ते समोरच्या विजेच्या खांबावर बसलं. गिधाडाला कसलीच घाई नसते, तेच त्याचं वाईट. मी शिडीवर होतो आणि ते पिंजऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होतं, डोक्यापासून पायापर्यंत, शिंप्यासारखं. मी खाली उतरलो तेव्हा माझे पाय माझ्या आधी उतरले होते. संध्याकाळपर्यंत आमच्या घरावर गिधाडांचं एक मोठं, संथ चक्र सुरू झालं. मी सावलीतलं मांस पिशव्या बांधून दूर नेऊन पुरलं. गिधाडं हलली नाहीत. त्यांना एकदा पत्ता मिळाला की मिळाला.

शनिवारी मी स्वयंपाकघरात चिल्तेपिन वाटत होतो. ही मिरची वाटाण्याएवढीसुद्धा नसते, पण तिच्याशी वाकडं घेऊ नये. मी घेतलं, आणि वाटता वाटता डोळा चोळला. त्याच क्षणी दारावर थाप पडली. दारात दोन्या चोनिता. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला पहिला मान त्यांचा, आणि प्रत्येक मयताला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगायचा मानही त्यांचाच. त्यांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्या लालभडक, वाहत्या डोळ्यांकडे.

"पोरा, गिधाडं फिरताहेत."

"वाळवणाला आलीत," मी हुंदका देत म्हणालो. हुंदका मिरचीचा होता.

"वाळवणाला गिधाडं येत नाहीत. आयुष्य गेलं माझं वाळवणं बघण्यात."

"सावलीत ठेवलं होतं थोडं. खात्याच्या माणसाने सांगितलं. पाणीपण ठेवा म्हणाला."

"मांसाला पाणी?" त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. "ताता कुठेत? आठवडाभर बाकावर दिसले नाहीत."

मी तोंड मिटलं. डोळ्यांतून धारा लागल्या.

"नाबोर. ताता कुठेत?"

"मला सांगता येत नाही, दोन्या चोनिता. शपथ आहे."

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग मला जवळ घेतलं, माझं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि म्हणाल्या, "नको सांगूस. तू कशाचीच काळजी करू नकोस. सगळं मी बघते."

मला खरंच बरं वाटलं. रविवारचं सगळं कुणीतरी बघणार, ह्याहून चांगलं काय? मी त्यांना म्हणालोसुद्धा, "उद्या दुपारी या. भरपूर केलंय."

"येणारच," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "सगळेच येणार."

रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात गॅसची शेगडी मांडली आणि तिच्यावर कढई. कढईत तेल. मी किकोचं जुनं मोटारसायकलचं हेल्मेट घातलं, वेल्डिंगचे हातमोजे घातले आणि झारा केरसुणीच्या दांड्याला बांधला. तरीही तेल तापायला लागल्यावर मला ते माझ्याकडे बघतंय असं वाटायला लागलं. पहिली चिमिचांगा दांड्याच्या टोकावरून सोडली. ती क्षणभर शांत तरंगली. मग घडी सुटली, मांस तेलात पसरलं आणि कढईने जी गर्जना केली, ती ऐकून मी संत्र्याच्या झाडामागे जाऊन पोचलो. मी तिथे कसा गेलो हे मला आठवत नाही. हेल्मेटमध्ये माझा श्वास मलाच फार मोठा ऐकू येत होता.

दुसरीही उघडली. तिसरी तर तेलात पडण्याआधीच उघडली.

कुंपणापलीकडून किको आला. काळा कोट घालून, मान खाली घालून. मला वाटलं चर्चमधून आला असेल. त्याने काही न बोलता पोळी घेतली, आधी दोन्ही बाजू आत दुमडल्या, मग खालून गुंडाळली, आणि शेवटच्या कडेला मैद्याची खळ लावून हाताने दाबून धरली. "तोंड खाली करून सोड," तो म्हणाला, "आणि ती बंद व्हायच्या आत पळून जाऊ नकोस." बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. "तातांना फार आवडायच्या रे."

"अजूनही आवडतात," मी म्हणालो.

किकोने तोंड फिरवलं आणि रडायला लागला. मला वाटलं, कांदा.

मी तळायला लागलो. खरं सांगतो, मी डोळे मिटून तळलं. कढईशी माझं जे काही नातं होतं ते कानाने होतं. पण एकही उघडली नाही. तबक भरलं, आणि तसाच हेल्मेटसकट, विजयी वीरासारखा, मी पुढच्या खोलीत गेलो.

खोलीत मेणबत्त्या लावल्या होत्या. भिंतीवरचा तातांचा फोटो टेबलावर उतरवून त्याला फुलं वाहिली होती. आरशावर चादर टाकली होती. सगळी गल्ली काळ्या कपड्यांत गुडघ्यांवर बसलेली, आणि पुढे दोन्या चोनिता हातात माळ घेऊन रोझरी म्हणत होत्या. मला आधी वाटलं, मी चुकीच्या घरात शिरलो. मग वाटलं, मीच गेलो. तेलात पडलो असणार. पण फोटो तातांचा होता.

"हे काय?" मी हेल्मेटमधून ओरडलो. आतून तो आवाज फार करुण येत असावा, कारण दोघीतिघी हुंदके द्यायला लागल्या. मी हेल्मेट काढलं. "ताता गेलेले नाहीत! जिवंत आहेत!"

"हो रे बाळा," दोन्या चोनिता म्हणाल्या. "आपल्यासाठी ते कायम जिवंतच राहणार."

"नाही, म्हणजे खरोखर जिवंत आहेत!"

"आमेन," सगळे म्हणाले.

"मग आहेत कुठे?" मागून कुणीतरी विचारलं. आणि मी तोंड मिटलं. शपथ होती. खोलीभर "बिच्चारा" असा एक सुस्कारा फिरला.

तेवढ्यात दारात दोन्या एल्विरा आणि मारिसेला. दोन्या एल्विरांनी फुलाफुलांचा झगा घातला होता. त्यांनी एक नजर मेणबत्त्यांवर टाकली, दुसरी फोटोवर, पर्समधून काळी शाल काढली, डोक्यावर घेतली आणि गुडघे टेकले. त्यांच्या पर्समध्ये ही शाल कायम असते. याचीही मला भीती वाटते.

मारिसेला माझ्या शेजारी सरकली. तिचे डोळे भरले होते. "ताता गेले आणि तू मला सांगितलंसुद्धा नाहीस?" ती दातओठ खाऊन कुजबुजली.

"गेले नाहीत गं."

"मग कुठेत?"

मी इकडेतिकडे बघितलं. तिच्या कानाशी तोंड नेलं. ज्या शपथेपायी सगळ्या गल्लीसमोर तोंड मिटलं, ती तिच्या कानात मोडली. "नोगालेसला. दात."

मारिसेलाने तोंडावर रुमाल दाबला. तिचे खांदे गदगदायला लागले. "केवढा जीव होता पोरीचा तातांवर," शेजारची बाई म्हणाली, आणि मारिसेला जमिनीवर आडवी व्हायची बाकी राहिली.

रोझरी संपली तशी दोन्या चोनितांनी माझ्या हातातलं तबक घेतलं आणि फिरवलं. मयताच्या घरी आलेला माणूस नाही म्हणत नाही. खोलीत बराच वेळ फक्त कुरकुर असा आवाज होता, आणि मधूनच कुणी तातांविषयी दोन चांगले शब्द बोलायचं. दोन्या एल्विरांनी आपली चिमिचांगा उलटी करून शिवण तपासली. चावा घेतला. त्यांनी शांतपणे सगळी संपवली, ओठ टिपले.

"हं," त्या म्हणाल्या. "उघडली नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यावेळी खरं.

"पोरात दम आहे. ताता असते तर आजच बोलणं झालं असतं." त्यांनी उसासा टाकला. "पण आता काय? वर्षभर सुतक. माझ्या घरात सुतकात लग्नाचं नावही निघत नाही."

मी तबक घेऊन स्वयंपाकघरात पळालो, आणि तिथे, मागच्या दाराने आलेले, गाठोडं मांडीवर घेऊन, तोंड घट्ट मिटून ताता बसले होते. माझ्या सगळ्या भीत्या एकदम एकाच खुर्चीत बसलेल्या.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं. बोलताना नवे दात लखलखले.

"तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी यावर विचार केला. "माणसं बरीच आलीत?"

"सगळी गल्ली."

"किको रडला?"

"सकाळपासून रडतोय."

"बरं." त्यांनी बाहेरच्या बोलण्याला कान दिला. कुणीतरी सांगत होतं की फिदेन्सिओसारखा शब्दाचा माणूस होणे नाही, आणि दात तर शेवटपर्यंत मूळचे. तातांनी समाधानाने मान हलवली, तबकातली एक चिमिचांगा उचलली आणि कचकन चावली. आवाज पार समोरच्या खोलीत गेला.

पुढचं सगळं मी हेल्मेट घालून बघितलं. किंकाळ्या झाल्या, एक मेणबत्ती पडली, किको तातांच्या गळ्यात पडला आणि मग त्यांना शिव्या घातल्या. मी म्हटलं, संपलं. तातांनी टोपी चढवायची, बसायचं, गुडघ्यांची चौकशी करायची.

पण दोन्या चोनिता माळ आवरेनात. "रोझरी सुरू झाली की सलग नऊ दिवस संध्याकाळी व्हायलाच पाहिजे. अर्धवट सोडली तर ज्याच्या नावाने धरली त्याचा आत्मा लटकतो."

"पण आत्मा इथे बसून खातोय!" मी म्हणालो.

"म्हणून तर जास्त जपायला हवं."

मी तातांकडे बघितलं. ताता माझ्याकडे बघेनात. "माझ्याविषयी इतकं चांगलं कधी कुणी बोललं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "नऊ दिवस तर नऊ दिवस. कुणाचं मन का मोडा?"

"आणि मागणी?"

"नाबोर, मी रीतसर गेलेला माणूस. गेलेला माणूस कुणाच्या दारी मागणी घालायला जातो का? लोक काय म्हणतील?"

मी दोन्या एल्विरांकडे वळलो. त्यांनी शाल नीट केली. "डोक्यावर घेतलेली शाल वर्षाच्या आत उतरत नाही. माझ्या आईनेही उतरवली नव्हती. आणि ज्यांना कळवायचं त्यांना मी फोन करून कळवलंय." जरा थांबून म्हणाल्या, "उरलेल्या चिमिचांगा बांधून दे."

तेव्हापासून ताता रोज संध्याकाळी स्वतःच्या रोझरीला पहिल्या रांगेत बसतात, आणि कुणी त्यांचा एखादा गुण सांगायला विसरलं तर आठवण करून देतात. चिमिचांगा मीच तळतो. तेलाची भीती गेली असं म्हणणार नाही, पण आता ती रांगेत बरीच मागे आहे. मारिसेला म्हणते, पळून जाऊ. मला पळण्याची भीती वाटते. म्हणून मी सभ्य मार्ग धरला आहे आणि खालील मजकूर आमच्या चर्चच्या फादरना रीतसर सादर केला आहे:

माननीय महोदय, अर्जदाराचे आजोबा श्री. फिदेन्सिओ हे हयात असून त्यांना चावताही येते. तरी त्यांचे निधन मागील तारखेपासून रद्द करण्यात यावे, व तदनुषंगाने दोन्या एल्विरा यांच्या डोक्यावरील शाल खाली घेण्याचे आदेश व्हावेत. सदर निधन रद्द करणे नियमात बसत नसल्यास, श्री. फिदेन्सिओ यांना येत्या रविवारी फक्त दुपारपुरते, मागणी घालून होईपर्यंत, जिवंत समजण्यात यावे. त्यानंतर ते पूर्ववत मृत राहतील याची हमी अर्जदार देत आहे.